आतल्या गाठीच्या नायिकेची मालिका कशी पाहावी

रात्रीचे साडेआठ. या आठवड्यात शेताची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची, म्हणून नवरा हरभऱ्याच्या ओलिताला गेलेला. मी, सासूबाई आणि ननंद टीव्हीसमोर. नायक विचारतो, "तुझ्या मनात काय आहे ते एकदा सांग." नायिकेचे ओठ थरथरतात, डोळे भरतात, तिचा चेहरा तीनदा जवळून दाखवतात आणि भाग संपतो. सासूबाई टीव्हीवरच ओरडतात, "बोल ना वो माय! कायले जीव घेतं आमचा?"

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं. दिवसभर कापसाची वेचणी करून आलेल्या बाईला तो अर्धा तास मोलाचा असतो. तो चिडचिडीत जाऊ नये म्हणून मी काय करते ते सांगते.

मालिका नवी असेल तेव्हा पहिले पंधरा दिवस मन लावून पाहा आणि एकच गोष्ट शोधा: ही बाई गप्प का झाली? कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. मी ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवते. २०२१ साली झी मराठीवर 'माझी तुझी रेशीमगाठ' सुरू झाली, त्यातल्या नेहाचं कारण लगेच लिहिता आलं. नवरा सोडून गेला, पदरात लहानगी परी. अशी बाई ताकही फुंकूनच पिणार. ती यशला ताटकळत ठेवायची तेव्हा जीव तुटायचा, पण तिचा राग आला नाही. पंधरा दिवसांनीही कारण लिहिता येत नसेल, तर ते लेखकालाच ठाऊक नाही असं समजा आणि त्या वेळात दुसरं काही पाहा.

मग मालिकेचा हिशेब समजून घ्या. केबल टीव्हीच्या नियमात जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, म्हणजे अर्ध्या तासातली सहा मिनिटं त्यात गेली. उरलेल्यात कालची उजळणी आणि उद्याची झलक. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला तीनशेच्या वर भरतात. माझी मुलगी मोबाइलवर कोरियन मालिका पाहते, त्या बहुतेक सोळा भागांत आटोपतात. तिथली नायिका कितीही घुमी असली तरी तिला सोळाव्या भागापर्यंत बोलावंच लागतं. आपल्या नायिकेला तशी मुदत नाही, टीआरपी टिकला तोवर तिचं मौन वाढवता येतं. म्हणून सोमवारी तिचे ओठ हलले तर जागून बसू नका. मोठी कबुली शक्यतो रविवारच्या महाएपिसोडसाठी राखलेली असते आणि त्याची जाहिरात आठवडाभर चालते. ती दिसली की मधले दोन-तीन दिवस खुशाल सोडा, काही बुडत नाही.

खरी पारख मात्र वेगळी आहे, ती मला ननंदेमुळे कळली.

ती सासरहून एका पिशवीनिशी परत आली. काय झालं, कोणाला सांगेना. सासूबाईंनी समोर बसवून विचारलं, मामांनी विचारलं, शेजारणी तर रोजच. ती मान खाली घालायची. पण तिचे हात बोलत होते. जेवताना ती स्वतःहून दुसरी भाकर घेत नसे. माझ्या मुलीच्या ताटात मात्र न विचारता वाढायची. वर्ष उलटलं. कापसाच्या वेचणीत पऱ्हाटीची एक ओळ तिची, शेजारची माझी. वेचताना कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. डोळे बोंडांवर, कमरेची झोळी भरत जाते. मी काहीच विचारलं नव्हतं. अर्धी ओळ झाली आणि ती म्हणाली, "वयनी, त्या घरात भूक लागली तरी इचारूनच भाकर घ्या लागे."

तेव्हापासून मी नायिकेचं तोंड पाहत नाही, हात पाहते. तुम्हीही पाहा. ती बोलत नाही, पण त्याचा डबा बांधते का? त्याच्या आजारी आईजवळ बसते का? आधी दाराशी उभी राहायची, ती आता उंबऱ्याच्या आत येते का? असं काही हलत असेल तर थांबा, ती मालिका पाहण्यासारखी आहे. नुसते डोळेच भरत असतील, आणि एका फोनने मिटेल असा गैरसमज दोन महिने चालला असेल, तर ती लेखकाने घातलेली भर आहे. ती मी पाहत नाही.

आणि नायकाकडेही लक्ष द्या, कारण आपला अर्धा राग त्याच्या वाट्याचा असतो आणि तो उगाच तिच्यावर निघतो. मनगट धरून, भिंतीशी उभं करून "सांग" म्हणणाऱ्याला कोणती पोळलेली बाई सांगेल? तिच्याबरोबर भांडी आवरणारा, बसस्टॉपवर न बोलता शेजारी उभा राहणारा नायक असेल तर तिच्या तोंडून कधी ना कधी शब्द निघतो, आणि तो ऐकायला मी तीनशे भागही थांबते.

परवा पुन्हा तोच प्रसंग आला. नायकाने तिचा हात धरून ठेवलेला, ती मुकी, सासूबाई "बोल ना वो" म्हणून पुढे सरसावलेल्या. ननंद शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी तिचा हात सोड म्हना त्याले."