कंटेनरचा डेटा बाहेरच्या डिस्कवर ठेवताना

सोलापुरात लाइट जाते, थोड्या वेळानं येते, आणि घरचा सर्व्हर (रास्पबेरी पायसारखा छोटा लिनक्स संगणक) बाहेरच्या डिस्कच्या आधी जागा होतो. डॉकरला (अॅप कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) डिस्कच्या जागी रिकामा फोल्डर दिसतो आणि तो त्यातच लिहायला लागतो. फोटोंचं अॅप उघडावं तर सगळं कोरं. डेटा डिस्कवर शाबूत असतो, पण नवं सगळं मेमरी कार्डावर साठत जातं.

डिस्कवरचं आधी दुसरीकडे काढून ती एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टिमवर फाइलची मालकी आणि परवानग्या टिकत नाहीत. पोस्टग्रेससारखा डेटाबेस तिथं सुरूच होत नाही. मग ‘बीएलकेआयडी’ चालवून डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, घ्या. एसडीए१ या लिनक्सनं डिस्कला दिलेल्या नावावर विसंबू नका, दुसरी डिस्क लावली की ते बदलू शकतं. एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना कोणती डिस्क कुठं जोडायची, ते सांगणारी फाइल) एका ओळीत यूयूआयडी, माउंटची जागा (डिस्क ज्या फोल्डरवर जोडायची तो), एक्स्ट४, मग ‘डिफॉल्ट्स,नोएटाइम,नोफेल’ (स्वल्पविरामानंतर जागा न सोडता), शेवटी 0 आणि 2. नोफेल विसरलात तर डिस्क नसताना मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं.

आता रिकाम्या फोल्डरचा बंदोबस्त. डिस्क अनमाउंट (जोडलेली नसलेली) असतानाच माउंटच्या जागेच्या फोल्डरवर ‘सीएचएटीटीआर +आय’ चालवा. मग रूटलाही (सगळे अधिकार असलेला यूजर) तिथं काही बनवता येत नाही. कंपोज फाइलमध्ये (कोणते कंटेनर कसे चालवायचे, ते लिहिलेली डॉकरची फाइल) मात्र थेट माउंटची जागा न देता तिच्या आतला फोल्डर द्या. डिस्क नसेल तर तो सापडत नाही आणि कंटेनर उठत नाही. जोडीला ‘सिस्टिमसीटीएल एडिट डॉकर’ करून युनिट विभागात ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ (लिहिताना सलग, मधे रेघ नाही) आणि बरोबरच्या चिन्हापुढे माउंटचा पाथ लिहा. म्हणजे डिस्क माउंट झाल्याशिवाय डॉकर उठत नाही. ही ओळ टाळू नका.

डेटा हलवताना आधी सगळे कंटेनर थांबवा, मग आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडनं डेटा हलवा. चालू डेटाबेसची कॉपी बिघडू शकते. जुना फोल्डर आठवडाभर तरी पुसू नका.

रास्पबेरी पाय 4 च्या सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून 1.2 अँपिअरच मिळतात. डीमेसेजमध्ये (सिस्टिमचे संदेश दाखवणारी कमांड) डिस्क सारखी तुटून जोडली जाताना दिसली तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा डिस्क बंद कपाटात ठेवू नका. यंत्रमागाजवळ घर असेल तर केसच्या जाळीत सुताचे तंतू अडकतात. जाळी ब्रशनं साफ करत राहा.

सगळं झालं की मशीन बंद करा, डिस्कची केबल काढा आणि पुन्हा चालू करा. दीडेक मिनिट वाट पाहूनही डॉकर उठला नाही, तर काम जमलं. केबल लावा, ‘माउंट -ए’ करा, डॉकर सुरू करा.