बर्फातल्या फेरीसाठी ट्रकला टायर कोणते लावायचे

देवलापार, नागपूर, हिंगणघाटवरून जाणारा महामार्ग 44 वरच्या टोकाला थेट श्रीनगरला भिडतो. त्यामुळे संत्रा घेऊन निघालेली किंवा सफरचंदाच्या परतीच्या भाड्यासाठी गेलेली गाडी डिसेंबर-जानेवारीत श्रीनगरच्या अलीकडच्या बनिहालच्या बाजूला शून्याखाली उभी राहते, आणि चाकांना असतात आपल्या उन्हासाठी घेतलेले टायर. अशा फेऱ्या ठरलेल्या असतील तर टायरचा विचार दिवाळीच्या आधी करावा.

सगळ्यात मोठी चूक काळ्या मातीतून येते. पांदण रस्त्यावर किंवा कोळसा खाणीत ज्याचं बटण (नक्षीतला रबराचा उंचवटा) मोठं, तो टायर चालतो. मोठं बटण चिखल कापत खाली घट्ट थरापर्यंत जातं आणि रुंद खाचेतून चिखल बाहेर फेकतं. घट्ट बर्फात कापत जायला काही नसतं. तिथे पकड येते ती रबराच्या बारीक कडांमुळे आणि रबर मऊ राहण्यामुळे. खाणीचा टायर दगडाने चिरू नये म्हणून त्याचं रबर कडक असतं, बटण सलग असतं, त्याला बारीक चिरा नसतात. चिखलातला हा पहिलवान बर्फावर गोट्या, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत झालेल्या टायरच्या जवळ जाऊन पोचतो.

म्हणून दुकानात बटणाची उंची बघण्याआधी बटणावर बोट फिरवा. ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक, नागमोडी रेघा दिसल्या पाहिजेत. या रेघांच्या कडा बर्फाला धरतात, आणि चाकाखाली येणारा पाण्याचा पातळ थर त्यांच्यात शिरतो. त्या थरामुळेच शून्याच्या आसपासचा ओला बर्फ उणे 15 च्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त घसरडा असतो. दुपारी ऊन पडलं म्हणून निर्धास्त होणाऱ्या ड्रायव्हरला हे आधीच सांगून ठेवावं.

टायरच्या बगलेवर दोन खुणा शोधायच्या. ‘एम प्लस एस’ म्हणजे चिखल आणि बर्फासाठीची नक्षी. ही खूण कंपनी नक्षी पाहून स्वतःच टाकते, त्यामागे बर्फावरची चाचणी असेलच असं नाही. दुसरी खूण तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी अशी असते. ती बर्फावर चाचणी झालेल्या टायरलाच मिळते. जर्मनीत 1 ऑक्टोबर 2024 पासून हिवाळी रस्त्यावर ही दुसरी खूणच धरतात. तिथे साडेतीन टनांवरच्या गाडीला असे टायर ताकद देणाऱ्या सगळ्या एक्सलवर आणि पुढच्या स्टिअरिंगच्या एक्सलवर लागतात. आपल्याकडे तो नियम नाही, पण बर्फात कोणत्या चाकांवर पैसा घालायचा याचं उत्तर त्यात आहे: आधी हाउसिंग (इंजिनची ताकद मिळणारा मागचा एक्सल), मग पुढचे दोन.

मग चांदणीवालेच घ्यावेत का? गाडी हिवाळाभर तिकडेच चालणार असेल तर घ्यावेत. हिवाळ्यात दोन-तीन फेऱ्या आणि बाकी वर्षभर चंद्रपूर-नागपूर असेल तर नको. त्यांचं रबर साधारण 7 अंशांच्या खालीही मऊ राहावं असं बनवलेलं असतं. तेच टायर आपल्या मे महिन्यात भरल्या गाडीखाली फार लवकर झिजतात. अशा मालकाने हाउसिंगला बारीक रेघांचे, ‘एम प्लस एस’ खुणेचे रेडियल (आत पोलादी तारांचे टायर) घ्यावेत, पुढे चांगल्या खोल खाचांचे नवे रिब (लांब सरळ पट्ट्यांच्या नक्षीचे) टायर ठेवावेत आणि उरलेला पैसा बर्फात चाकांवर चढवायच्या साखळ्यांत घालावा.

खाचेची खोली 1.6 मिलिमीटरला आली की टायर कायद्याने बाद होतो, पण बर्फासाठी तो त्याच्या कितीतरी आधी बाद असतो. हाउसिंगला 6 मिलिमीटरच्या खाली खोली असेल तर त्या टायरवर गाडी वर पाठवू नये. तारीखही बघा: बगलेवरच्या चार आकड्यांत 3523 असेल तर टायर 2023 च्या 35व्या आठवड्यातला. नक्षी भरपूर पण टायर पाच-सहा वर्षांचा, तर रबर कडक झालेलं असतं. तो कापसाच्या गाडीला वापरा. रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर) पुढे कधीच नको. एका एक्सलवर नायलॉन आणि रेडियल मिसळू नका, आणि जोडातल्या दोन टायरच्या व्यासात 6 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक ठेवू नका. मोठा टायर वजन उचलतो, लहान नुसता घासत जातो, आणि बर्फावर तोच आधी घसरतो.

हवेचा हिशेब बहुतेक जण चुकवतात. नागपूरला 30 अंशांत थंड टायरला 110 पाउंड (पीएसआय) हवा भरली, तर दर 10 अंश उतारामागे साधारण 4 पाउंड कमी होतात. उणे 5 ला तेच टायर 95-96 पाउंडांवर येतात, पंक्चर नसतानाही. भरल्या गाडीला ही घट परवडत नाही: बगल जास्त वाकते, टायर आतून तापतो, कडा झिजतात. उधमपूरच्या पुढे सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजून हवा पूर्ण करावी. परतीला उकाड्यात आल्यावर पुन्हा थंड टायरवरच मोजायची. तापलेल्या टायरची हवा सोडायची नाही. ‘पकड यावी’ म्हणून हवा कमी करणं शेतातल्या ट्रॅक्टरला ठीक, भरल्या ट्रकला नाही. वॉल्व्हच्या टोप्या सगळ्या असाव्यात, नाहीतर ओल आत गोठते आणि हवा गळते.

टायर कितीही चांगला असो, घट्ट काचेसारख्या बर्फावर चढ साखळीशिवाय होत नाही. साखळी टायरच्या मापाचीच हवी, दुसऱ्या मापाची लावली तर सैल राहून ब्रेकचा पाइप तोडू शकते. ती ताकदीच्या चाकांना लागते. इथे दहा चाकीवाले फसतात. मागचे दोन्ही एक्सल सारखे दिसतात, पण बऱ्याच गाड्यांत एकच फिरवणारा असतो, दुसरा डमी. गाडीखाली वाकून प्रोपेलर शाफ्ट कोणत्या हाउसिंगला जातो ते पाहून घ्या. डमीला साखळी लावून गाडी चढत नाही. जोडचाकाला बाहेरच्या टायरवर एकेरी साखळी चालते, भरल्या गाडीला चढावर दोन्ही टायर झाकणारी जोडाची बरी.

साखळी चढाच्या पायथ्याशी, सपाटीवर लावायची; अर्ध्या चढात अडकल्यावर नाही. हँडब्रेक ओढा, चाकाला लाकडी ओट लावा. हुकांची टोकं बाहेरच्या बाजूला ठेवून साखळी टायरवर पसरा, गाडी अर्धं चाक पुढे घ्या, आधी आतला हुक आणि मग बाहेरचा अडकवा. अर्धा-एक किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा ताणा. पहिल्यांदा ती सैल होतेच. वेग 30 च्या आत. डांबर दिसलं की काढा, नाहीतर साखळी तुटते आणि टायरही सोलतो. वळणावर पुढची चाकं साखळीविना असतात हे विसरू नये. मागून जोर मिळाला म्हणजे स्टिअरिंग ऐकतं असं नाही. पहिली साखळी घराच्या अंगणातच, हातमोजे घालून लावून पाहावी.

रिकामी गाडी भरलीपेक्षा जास्त घसरते, कारण हाउसिंगवर वजनच नसतं. लिफ्ट (वर उचलता येणारा) एक्सल असेल तर रिकाम्यात तो वर ठेवा, वजन ताकदीच्या चाकांवर येतं. सोबत दोन पोती कोरडी रेती, फावडं आणि आठ-दहा रिकामा बारदाना ठेवावा. चाक जागेवर फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा. फिरत राहिलं तर खालचा बर्फ वितळून लगेच गोठतो आणि खड्डा काचेचा होतो. चाकापुढे रेती टाका, बारदाना दाबून ठेवा, दुसऱ्या गिअरला हळू क्लच सोडा. मागे कोणी उभं राहू नये, बारदाना गोळीसारखा उडतो.

घरी आल्यावर साखळ्या गोड्या पाण्याने धुऊन वाळवा आणि तेलाचा फडका मारून पोत्यात भरा. बर्फ वितळवायला मीठ टाकलेला रस्ता लागला असेल तर पंधरा दिवसांत त्या गंजतात.