थ्रिलर मालिका वाचायची तर सुरुवात कुठून करायची

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात एखाद्या हेरकथा-मालिकेचा पाचवा भाग स्वस्तात मिळाला, म्हणून तोच आधी वाचायला घेतला की घात होतो. मागच्या चार भागांत जपलेलं रहस्य पाचव्याच्या पहिल्याच प्रकरणात फुटलेलं असतं. जॉन ल कारेच्या बाबतीत हे हमखास घडतं. ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’मध्ये (१९७४) सगळा शोध आतल्या फितुराचा आहे आणि पुढचा ‘द ऑनरेबल स्कूलबॉय’ (१९७७) तो कोण होता ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (१९६३) एकटाही वाचता येतो. पण ‘कॉल फॉर द डेड’ (१९६१) आधी वाचलेलं असेल तर त्यातला मुंड हा हेर पुन्हा समोर आल्यावर जो धक्का बसतो, तो वेगळाच.

म्हणून पुस्तक हातात घेतलं की मलपृष्ठ वाचू नका, पुढच्या भागांचं तर मुळीच नको. शीर्षकपानाच्या मागे प्रथम प्रकाशनाचं वर्ष असतं, ते बघा आणि त्याच क्रमाने वाचा. अनुवादाचं वर्ष मात्र फसवतं. नॉर्वेजियन लेखक यू नेस्बोच्या हॅरी होल मालिकेतला पाचवा भाग, ‘द डेव्हिल्स स्टार’, इंग्रजीत २००५ साली आला आणि तिसरा, ‘द रेडब्रेस्ट’, त्यानंतर २००६ मध्ये. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या भागांतून एकच धागा सलग जातो, त्यामुळे इंग्रजी आवृत्त्यांच्या क्रमाने गेलात तर तो उलटा उसवतो. मूळ भाषेतलं वर्षच धरा.

नाव बघूनही फसायला होतं. अगाथा ख्रिस्तीचं ‘लॉर्ड एजवेअर डाइज’ अमेरिकेत ‘थर्टीन अॅट डिनर’ या नावाने निघालं. जुन्या पुस्तकांत दोन्ही सापडतात, आणि एकच कादंबरी दोनदा घरी येते.

मालिका सुटी आहे की साखळीची, हेही आधी ठरवा. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा धनंजय कुठूनही उचला, काही बिघडत नाही. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथाही सुट्या आहेत. फक्त फेलूदाचा लेखकमित्र जटायू ‘सोनार केल्ला’पासून (१९७१) येतो, तेव्हा ती कथा जटायू असलेल्या इतर कथांआधी वाचा. सुटी मालिका ग्रंथालयातून आणावी, मधला भाग कुणी नेलेला असला तरी अडत नाही. साखळीची असेल तर सगळे भाग जमल्याशिवाय पहिलं पान उघडू नका. लेन डेटनची ‘बर्लिन गेम’, ‘मेक्सिको सेट’, ‘लंडन मॅच’ (१९८३ ते ८५) ही त्रयी एका दमात वाचण्याची आहे. त्याच मालिकेतला ‘स्पाय सिंकर’ (१९९०) मागच्या घटना दुसऱ्या बाजूने उलगडतो. तो आधी वाचलात तर मालिकेतल्या आधीच्या पाच कादंबऱ्यांची मजा जाईल.

हेरकथेत एकाच माणसाला खरं नाव, सांकेतिक नाव आणि कचेरीतलं टोपणनाव अशी तीन नावं असतात. पोस्टकार्डाएवढा कागद खूण म्हणून पुस्तकात ठेवा. डावीकडे सगळी नावं, उजवीकडे त्या माणसाला काय माहीत आहे आणि ते कोणत्या पानावर कळलं. हेरकथेचा सगळा खेळ या उजव्या रकान्यात असतो. खूनकथेत तिथे कोण किती वाजता कुठे होता हे लिहा, आणि ते कुणाच्या सांगण्यावरून, हेही. पहिल्या भेटीतच प्रत्येकाची नोंद केली तर तिसाव्या पानापर्यंत कागद भरतो. माणूस दुसऱ्यांदा आला की मगच लिहा. भाग संपला की कागद जपून ठेवा. पुढचा भाग महिन्याभराने हाती आला तर तो कागद आणि आधीच्या भागाची शेवटची वीस पानं वाचून घ्या.

जुनं पुस्तक घेताना पैसे देण्याआधी पानांचे आकडे तपासा. पुस्तक बहुधा सोळा पानांच्या फॉर्म्यांनी, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या गठ्ठ्यांनी, बांधलेलं असतं, त्यामुळे शिवण सुटली की एकदम सोळा पानं गळतात. शेवटचा फॉर्मा तर नक्की बघा, पण फक्त आकडे. मजकुरावर नजर जाऊ देऊ नका.