मोनेचं ‘सँ-जेर्मँ-लोसेरवा’ कसं पाहावं

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या या चित्राला पॅरिसमधल्या एका जुन्या चर्चचं नाव आहे, आणि ते चर्चच त्यात रंगवलंय. पण त्या चर्चकडे लगेच बघू नका. आधी आपण कुठे उभे आहोत ते ओळखा. या चित्रात आपण पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या पूर्वेकडच्या खांबांच्या सज्जात आहोत, बरेच उंचावर. १८६७ च्या वसंतात मोनेने तिथून शहर रंगवायची रीतसर परवानगी मागितली होती. वय २६. इतर तरुण चित्रकार आत जुन्या उस्तादांच्या प्रती करत बसलेले, आणि हा त्या भिंतींकडे पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. माझ्या लेखी हे चित्र इथूनच उलगडायला लागतं.

आता वेळ ओळखा. चर्च लूव्रच्या समोर, म्हणजे त्याची दर्शनी बाजू पश्चिमेला. चित्रात तिच्यावर ऊन आहे. म्हणजे दुपार कललेली. घड्याळ न दाखवता वेळ अशी कळते. गुलाब-खिडकी (दर्शनी बाजूची मोठी गोल खिडकी), टोकदार गॉथिक कमानी, पुढचा मंडप हे सगळं सावकाश बघा. १५७२ च्या ऑगस्टमध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या कत्तलीचा, म्हणजे पॅरिसमधल्या प्रोटेस्टंटांच्या हत्याकांडाचा, इशारा याच चर्चच्या घंटेने दिला गेला. मोनेने त्या इतिहासाला हातही लावलेला नाही. त्याला फक्त दगडावरचं ऊन हवं होतं.

मग तळहाताने वरचा अर्धा भाग झाका. उरतात चेस्टनटची झाडं आणि चौक. मी चित्रकला शिकवते, आणि मुलांना इथे सगळ्यात जास्त वेळ थांबवते. चर्चची रेघ अजून नेटकी, सांभाळून काढलेली आहे. झाडांपाशी येईपर्यंत हात बदलतो: पान म्हणून एकही पान नाही, हिरव्याचे छोटे-छोटे फटकारे शेजारी शेजारी ठेवलेले. एकाच कॅनव्हासवर दोन हात! अशा सुट्या फटकाऱ्यांनी क्षणाचा उजेड पकडणाऱ्या चित्रकारांसाठी ‘इम्प्रेशनिस्ट’ हा शब्द रूढ व्हायला अजून सात वर्षं होती.

आता चौकातलं एकच माणूस निवडा. गडद रंगाचा एक उभा ठिपका म्हणजे अंगरखा, आणि पायाशी चिकटलेली सावली. चेहरा नाही, बोटं नाहीत. तरी ते चालतंय हे कळतं. मऊ पेन्सिल घेऊन कागदावर तेवढंच काढा. मग सावली खोडा. माणूस लगेच हवेत तरंगायला लागेल. माझे विद्यार्थी हे करून बघतात आणि त्यानंतर सावली काढायला कधी विसरत नाहीत.

मूळ चित्र बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलेरीत आहे, साधारण ७९ बाय ९८ सेंटिमीटर. तिथे गेलात तर आधी तीन-चार मीटरवरून बघा, मग रखवालदार हटकणार नाही इतपत जवळ जा. छापील प्रत असेल तर ती भिंतीला टेकवून तसंच करा. मांडीवर ठेवून पाहिलं तर फटकारे फटकारेच राहतात. सहीजवळ ‘६६’ दिसलं तर गोंधळू नका, चित्र १८६७ चंच मानतात.

जमल्यास त्याच सज्जातून काढलेली आणखी दोन चित्रं शेजारी ठेवा: एक नेदरलँड्समध्ये हेगला आहे, दुसरं अमेरिकेत ओबरलिनला. त्या दोन्हींत दूर पाँतेऑं या पॅरिसमधल्या भव्य इमारतीचा घुमट दिसतो. इथे मात्र चर्च आणि घरांनी नजर अडवली आहे, म्हणून ती पुन्हा खाली चौकात येते, त्या ठिपक्यांपाशी.