ब्रेमेनच्या वर्गाला भेटण्याआधी : पुण्यातल्या शिक्षकांसाठी तयारीची यादी

गेल्या वर्षी आमचा सातवीचा वर्ग जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातल्या एका वर्गाला पडद्यावर पहिल्यांदा भेटला. मुली नऊवारीत, मुलगे फेट्यात. स्वागतगीत झालं, लेझीम झालं, तिकडच्यांनी टाळ्या वाजवून त्यांची दोन गाणी म्हटली. अगदी शेवटी तिकडची एक मुलगी कॅमेऱ्याजवळ आली आणि तिने विचारलं, "आज तुमच्या डब्यात काय आहे?" आमची मुलं डबे आणायला धावली, तेवढ्यात व्हिडिओ कॉलच्या मोफत खात्याची 40 मिनिटं संपली आणि पडदा काळा झाला. त्या दिवशीचा खरा प्रश्न तो एकच होता. या वर्षीची तयारी मी त्या प्रश्नापासून मागे मागे येत लिहून काढली आहे. तुम्ही असं काही करणार असाल तर उपयोगी पडेल.

पहिलं काम वेळेचं. जर्मनीचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे काटे फिरवले जातात, म्हणून तारीख ठरवताना मेलमध्ये दोन्हीकडची वेळ लिहा. दिवाळीची सुट्टी संपल्यावर आणि त्यांचा नाताळ सुरू होण्याआधी चार-पाच आठवडे मोकळे सापडतात. आमची दुपारची शाळा. दोन वाजता सुरू केलं की तिकडे साडेनऊ वाजलेले असतात, आणि आमच्या जेवणाच्या सुट्टीला, अडीच वाजता, त्यांचे दहा. त्यांचीही डबा खायची सुट्टी त्याच सुमाराला असते. ही जुळणी मुद्दाम साधा. गुरुवार मात्र टाळा, देखभालीसाठी पुण्यातली वीज बहुधा त्याच दिवशी जाते. मोफत खात्याला वेळेची मर्यादा किती आहे तेही आधीच बघून ठेवा.

संमतिपत्रं सहा आठवडे आधी घरी पाठवा. आपल्याकडे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती बालक मानली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची परवानगी घ्यायला सांगितली आहे. युरोपातला असाच माहिती संरक्षणाचा कायदा 2018 पासून लागू आहे आणि तिथल्या शाळा तो काटेकोरपणे पाळतात. कॉलचं रेकॉर्डिंग करायचं नाही, पडद्यावर फक्त पहिलं नाव ठेवायचं आणि फोटो पालकांच्या ग्रुपवरही टाकायचे नाहीत, हे लेखी ठरवून घ्या. एखाद्या घरातून नकार आला तर त्या मुलाला कॅमेऱ्यामागचं महत्त्वाचं काम द्या. तो बाजूला बसून राहिलेला दिसू नये.

मग नकाशा. आधी जर्मनीचा काढू नका, आपल्याच वर्गाचा काढा. भिंतीवर भारताचा नकाशा लावा आणि प्रत्येकाला आजी-आजोबांच्या गावावर टाचणी लावायला सांगा. आमच्या 46 मुलांच्या टाचण्या बीड, लातूर, सोलापूर, कलबुर्गी, गया इथपासून पार नेपाळच्या सीमेपर्यंत गेल्या. घरात मराठीशिवाय दुसरी भाषा बोलणारी मुलं किती, हे मला वर्गशिक्षक असूनही तोवर नीट माहीत नव्हतं. "आम्ही पुण्याचे" म्हणजे कोण, हे मुलांना या टाचण्यांवरून जितकं कळलं तितकं माझ्या कुठल्याच तासातून कळलं नसतं. तिकडच्या वर्गालाही असाच नकाशा करायला सांगा. त्यांच्याही टाचण्या जर्मनीबाहेर जातील.

एक दिवस बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासाठी ठेवा. तिथे तलवारींपेक्षा अडकित्ते, दिवे, दौती आणि पाय घासायच्या वज्र्या मुलांना जास्त वेळ थांबवतात. रोजच्या वापरातली वस्तूही नीट बघण्यासारखी असते, हे तिथे न सांगता कळतं. परत आल्यावर प्रत्येकाने घरातली एक साधी वस्तू निवडून तिच्याबद्दल एका मिनिटाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करायचा. पोळपाट चालेल, रिक्षाचा मीटर चालेल, वडिलांची थापी चालेल. ती वस्तू कोण वापरतं आणि तिचा आवाज कसा येतो, एवढं पुरे. कॉलच्या आधी एक आठवडा ही रेकॉर्डिंगं तिकडे पाठवा. त्यातच प्रत्येकाने स्वतःचं नाव दोनदा सावकाश उच्चारावं, कारण आपला 'ण' आणि 'ळ' त्यांच्या जिभेला नवा असतो.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन ते. आपल्या दारावर, वहीच्या पहिल्या पानावर, लक्ष्मीपूजनाच्या रांगोळीत स्वस्तिक असतं. जर्मनीत हिटलरच्या नाझी पक्षाचं, स्वस्तिकासारखंच दिसणारं चिन्ह सार्वजनिक ठिकाणी दाखवणं हा गुन्हा आहे. तो कायदा आपल्या पूजेतल्या चिन्हासाठी केलेला नाही, पण तिथल्या मुलाला पहिल्या नजरेत फरक दिसणार नाही, त्याला धक्काच बसेल. स्वस्तिक घाईघाईने पुसून टाकणं मला पटत नाही, आणि न सांगता पडद्यावर येऊ देणं त्याहून पटत नाही. आधी तिकडच्या शिक्षकांना लिहा, चिन्ह आपल्याकडे किती जुनं आहे आणि कुठे काढतात ते सांगा, आणि त्यांच्या वर्गात हे कसं पोहोचेल ते त्यांनाच ठरवू द्या.

याची दुसरी बाजू आपल्या वर्गात आहे. कडक शिक्षकाला "हिटलर" म्हणणं आपल्याकडे थट्टा समजली जाते. कॉलच्या दोन आठवडे आधी मी एक पूर्ण तास यावर घेतला. 1933 ते 1945 या काळात काय झालं, 60 लाख ज्यूंना कसं मारलं, हे सातवीच्या मुलांना झेपेल अशा शब्दांत सांगितलं. मग ब्रेमेनच्या पदपथांवर बसवलेल्या पितळी चौकोनांचे फोटो दाखवले. हाताच्या पंजाएवढ्या त्या प्रत्येक पट्टीवर नाझींच्या छळाला बळी पडलेल्या एकेका माणसाचं नाव आहे, तो स्वतःच्या मर्जीने शेवटचा राहिला त्या घरासमोर. एका मुलाने विचारलं, "बाई, त्यावर पाय पडत नाही का?" हा प्रश्न जर्मन लोकही आपसात विचारतात. तो मी तसाच लिहून ठेवला, कॉलसाठी.

तिथला रस्ता पाहायला गुगलच्या नकाशातली स्ट्रीट व्ह्यू ही सोय वापरा. नकाशावरचा पिवळा माणूस उचलून ब्रेमेनच्या जुन्या श्नूर भागातल्या बोळांत सोडा आणि दुसऱ्या खिडकीत कसब्याचा एखादा बोळ उघडा. मुलं आपोआप मोजू लागतात : दारं कुठे उघडतात, कपडे कुठे वाळतात, लोक कुठे बसतात. जर्मनीत 2010 साली ही सोय आली तेव्हा जवळजवळ अडीच लाख कुटुंबांनी आमचं घर दाखवू नका असं कळवलं होतं आणि ती घरं धूसर केली गेली. हे ऐकून आमचा वर्ग बराच वेळ भांडला. स्वतःच्या घराचा फोटो जगाला दिसावा की नाही, यावर अर्धा-अर्धा वर्ग झाला. असं भांडण होऊ द्या. औंधच्या ब्रेमेन चौकाचं नाव कुठून आलं, तेही याच तासात निघतं.

भाषेचं यंत्र वापरा, पण त्याची परीक्षा घेऊन. मुलांना मराठी वाक्य जर्मनमध्ये आणि ते पुन्हा मराठीत करायला लावा. आईला 'तू' आणि सरांना 'तुम्ही' हा आपला फरक जर्मनमध्येही आहे, 'डू' आणि 'झी'. अधेमधे कुठे इंग्रजी आली की दोन्ही 'यू' होऊन जातात आणि परत येताना आई 'तुम्ही' होते. यंत्र कुठे चुकतं हे एकदा पाहिलेलं मूल पुढे त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकत नाही.

प्रश्नांची यादी मुलांनीच करावी. "तुमचा सण कोणता?" असे प्रश्न बाजूला काढा, त्यांची उत्तरं पुस्तकात मिळतात. "शाळेतून घरी गेल्यावर दार कोण उघडतं?" हा आमच्या यादीत पहिला आला.

खोलीबद्दल थोडक्यात : खिडकी मुलांच्या पाठीमागे नको, चेहरे काळे दिसतात. जमिनीवर सतरंजी घाला म्हणजे आवाज घुमत नाही. एकच चांगला माइक मधोमध ठेवा. दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार ठेवा. आदल्या दिवशी त्याच वेळी दोन्ही शिक्षकांनी दहा मिनिटं बोलून बघा.

आणि डबा. त्या दिवशी घरी खास काही करायला सांगू नका, चिठ्ठीत तसं स्पष्ट लिहा. चटणी-पोळी असेल तर चटणी-पोळी, पोषण आहाराची खिचडी असेल तर तीच ताटली. तिकडच्या पावात डुकराचं किंवा गाईचं मांस असू शकतं, आपल्याकडच्या एखाद्या डब्यात सुकट असेल. "शी" हा उद्गार कुठल्याही भाषेत भाषांतराशिवाय कळतो, हे मुलांना आदल्या दिवशी शांतपणे सांगा. आवडलं नाही तर "हे कसं करतात?" असं विचारायचं. अडीचची घंटा झाली की कॉल चालूच ठेवायचा, डबे उघडायचे आणि आपण शिक्षकांनी कॅमेऱ्यासमोरून उठून जायचं.