पावसाळ्यात सक्युलंटची पानं लिबलिबीत होतात, तेव्हा

आषाढातली रिपरिप चार-पाच दिवस लागून राहिली की सक्युलंट, म्हणजे जाड, रसाळ पानांची झाडं ठेवणाऱ्यांची एकच तक्रार सुरू होते. खालची पानं पिवळट आणि अर्धपारदर्शक झालीत, बोट लावलं की गळतात, दाबलं तर पाणी निघतं. पाठोपाठ प्रश्न येतो, कोणतं औषध मारू? औषधाचं नंतर बघू. आधी कुंडीतली माती बघा.

या झाडांचा पाण्याचा साठा पानांतच असतो आणि बहुतेकांची पानांवरची छिद्रं रात्री उघडतात. त्यामुळे पाणी फार सावकाश खर्च होतं. एप्रिलमध्ये जी छोटी कुंडी दोन-तीन दिवसांत सुकते, ती जुलैतल्या ढगाळ, दमट हवेत आठ-पंधरा दिवस ओली राहू शकते. तेवढ्या काळात मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि पिथियम, फायटोप्थोरा, फ्युजॅरियम अशा बुरशी आणि बुरशीसारख्या रोगजंतूंना आयती संधी मिळते. तांब्याभर पाणी घातलं की पेलाभर, यापेक्षा कुंडी किती दिवस ओली राहिली यावर झाडाचं जगणं ठरतं.

ओल तपासायला खराट्याची काडी पुरते. कडेने तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा आणि गालाला लावा. गार लागली किंवा तिला मातीचे कण चिकटून आले, तर पाणी द्यायचं नाही. वरची माती कोरडी दिसते म्हणून फसू नका.

सगळ्यात जास्त झाडं मरतात ती सुरकुतलेल्या पानांमुळे होणाऱ्या गैरसमजातून. माती कोरडी ठणठणीत असेल आणि पान सुरकुतलेलं पण चिवट असेल, तर झाडाला तहान लागलीय. पाणी दिल्यावर दोन-चार दिवसांत पान भरतं. माती ओली असूनही पान सुरकुतलेलं असेल, तर मुळं गेली आहेत. पाणी आहे, पण ओढणारं कोणी नाही. अशा वेळी लोक अजून पाणी घालतात आणि उरलंसुरलं झाडही जातं. अगदी तळाची एखाद-दोन पानं कागदासारखी वाळली, तर तो रोग नाही. जुनं पान झाड सोडून देतंच. उन्हाच्या बाजूला कोरडे तपकिरी डाग असतील, तर तो उन्हाचा चटका समजावा. कूज मधल्या पानांपासून सुरू झाली असेल, तर एचेवेरियाच्या (गुलाबाच्या फुलासारखी पानांची मांडणी असलेलं सक्युलंट) गाभ्यात पाणी साचलेलं असतं. आणि कुजकी घाण येत असेल, तर जिवाणूंची मऊकूज आहे. ते झाड वाचवत बसू नका, मातीसकट टाका आणि कुंडी साबणाने घासून उन्हात वाळवा.

पानं लिबलिबीत झाली, पण बुंधा कडक असेल, तर झाड कुंडीतून काढा, ओली माती झाडा, काळी पडलेली मुळं कापा आणि सावलीत वर्तमानपत्रावर दोन-तीन दिवस उघडं ठेवा. बुंधाच काळा पडला असेल, तर वरून छाटणी हाच उपाय. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने निरोगी भागाखाली काप घ्या आणि कापलेली जागा नीट बघा. मध्यभागी तपकिरी ठिपका किंवा कडेला तपकिरी कडं दिसलं, तर कूज तिथपर्यंत पोहोचलेली आहे. सुरी पुन्हा पुसा आणि अजून वर कापा. पांढरट-हिरवा, स्वच्छ काप मिळेपर्यंत थांबायचं नाही. मग शेंडा पंख्याच्या वाऱ्यात सुकू द्या. एरवी तीन-चार दिवसांत खपली धरते, पावसाळ्यात आठवडा धरा. खपली धरल्यावर कोरड्या मिश्रणावर (ते कसं करायचं ते पुढे दिलंय) नुसता टेकवून ठेवा. मुळं दिसेपर्यंत पाणी नाही. सोबत देठापासून पूर्ण सुटलेली, टणक पानंही मातीवर पसरून ठेवा. मूळ झाड गेलं, तरी रोपं हाताशी राहतात. कापावर दालचिनीची पूड लावायला हरकत नाही, पण आत शिरलेली कूज ती थांबवत नाही. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात, तेही हातमोजे घालून, शेजारच्या निरोगी कुंड्यांना द्या. कुजलेलं पान त्याने पूर्ववत होत नाही.

नर्सरीतून आणलेलं रोप बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतं. तिथल्या आच्छादनाखाली ते चालतं, आपल्या गॅलरीत नाही. पावसाआधीच कुंडी बदलून घ्या. एक भाग चाळलेली माती किंवा जुनं शेणखत, दोन भाग जाड धुतलेली वाळू, परलाइट (पांढरे, हलके खनिजाचे दाणे) किंवा विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, आणि मूठभर कोळसा. समुद्राची वाळू नको, तिच्यात क्षार असतात. कुंडी मातीची, भोकाची आणि मुळांच्या गड्ड्यापेक्षा बोटभरच मोठी असावी. तळाशी खडीचा थर देण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण त्याने निचरा सुधारत नाही, ओला थर फक्त वर सरकतो. भोकावर एक खापरीचा तुकडा पुरे. खालची बशी पावसाळाभर काढून ठेवा.

विक्रीसाठी रोपं करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, शेडनेट ऊन कमी करतं, पाऊस अडवत नाही. वर २०० मायक्रॉनची यूव्ही फिल्म (उन्हात टिकणारा पारदर्शक प्लास्टिक कागद) टाका, बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या ठेवा आणि ट्रे जमिनीपासून वर मांडणीवर ठेवा. कोकणात एचेवेरियाचा हट्ट धरूच नये, असं माझं मत आहे. हवाच इतकी दमट असते की छपराखालीही ती टिकवताना नाकी नऊ येतात. त्यापेक्षा हावर्थिया, जेड, सान्सेव्हेरिया बरे.

सप्टेंबरअखेर उघडीप मिळाली की झाडं थेट ऑक्टोबरच्या उन्हात ढकलू नका. पावसाळाभर कमी उजेडात राहिलेली पानं दोन दुपारींत भाजतात. आधी आठवडाभर सकाळचं ऊन द्या, मग हळूहळू वेळ वाढवा. खत त्यानंतर, तेही नवी पानं फुटलेली दिसल्यावरच.