महामंडळाचं कर्ज थकलंय? पैसे भरायच्या आधी हे करा

महात्मा फुले, अण्णाभाऊ साठे, ओबीसी, मौलाना आझाद, यातल्या कुठल्याही महामंडळाचं कर्ज थकलं असेल आणि घरी नोटीस आली असेल तर प्लीज ती फाडून टाकू नका, फोनही बंद करू नका. धारावी असो की गोवंडी, बरेच जण घाबरून हेच करतात, आणि खरं तर किती द्यायचंय तेच त्यांना माहीत नसतं.

सगळ्यात आधी खातेउतारा मागा, तोही लेखी अर्ज देऊन. जिल्हा कार्यालयात दोन कॉपी घेऊन जा, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. उताऱ्यात मुद्दल किती, व्याज किती, दंडव्याज किती आणि तुम्ही भरलेले हप्ते कुठल्या तारखेला जमा झाले हे वेगवेगळं दिसलं पाहिजे. नुसता एक आकडा चिठ्ठीवर लिहून दिला तर घेऊ नका. देतच नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, फी 10 रुपये, उत्तर द्यायची मुदत 30 दिवस.

आता खरी गडबड कुठे होते ते सांगतो. बीजभांडवल योजनेत, म्हणजे धंद्याला बँक आणि महामंडळ मिळून पैसे देतात त्यात, कर्ज एक नसतं, दोन असतात. जुन्या प्रकरणांत 75 टक्के बँक, 20 टक्के महामंडळ आणि 5 टक्के तुमचे, अशी वाटणी असायची. समजा महात्मा फुले महामंडळातून शिलाई मशिनी घ्यायला 2 लाखांचं प्रकरण केलं, तर बँकेचे दीड लाख, तुमचे 10 हजार आणि महामंडळाचे 40 हजार. त्या 40 मधले 10 हजार अनुदान, म्हणजे कर्ज उरलं 30 हजार, 4 टक्क्यांनी. वर्षाचं व्याज 1,200 रुपये. माणूस बँकेचा हप्ता इमानदारीने फेडतो, त्याला वाटतं सुटलो, आणि महामंडळाचा वाटा तसाच पडून राहतो, मग काही वर्षांनी नोटीस येते. म्हणून दोन्हीकडचे उतारे काढा आणि घरातल्या पावत्यांशी एकेक एन्ट्री जुळवा.

आकडा पटला की एकरकमी परतावा योजना चालू आहे का ते विचारा. ओबीसी महामंडळाने थकीत व्याजात 50 टक्के सवलत देणारी अशी योजना आणलेली आहे, पण या योजनांना मुदत असते त्यामुळे शेवटची तारीख लेखी घ्या. एकदम भरणं जमत नसेल तर महिन्याला किती झेपेल तेवढं लिहून हप्ते पाडून मागा, आणि झेपेल तेवढंच लिहा, साहेबांना बरं वाटावं म्हणून जास्त नको. वसुलीला आलेल्या माणसाच्या हातात कॅश अजिबात देऊ नका, पैसे महामंडळाच्या खात्यातच भरा आणि पावतीवर कर्ज प्रकरण क्रमांक आहे ना बघा.

जामीनदाराला स्वतः जाऊन सांगा. कायद्याने त्याची जबाबदारी तुमच्याइतकीच असते, नोकरदार असेल तर त्याच्या पगारावर येतं, आणि त्याला हे ऑफिसातून कळलं तर नातं तुटतं ते तुटतंच.

बँकेच्या वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. त्रास दिला तर आधी बँकेला लेखी तक्रार, 30 दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तहसीलदाराची किंवा कलेक्टर ऑफिसची नोटीस आली, कोर्टाचं समन्स आलं, तर एकटे जाऊ नका. एससी, एसटी आणि सगळ्या महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, नंबर 15100.

शेवटचा हप्ता भरला की नो ड्यूज सर्टिफिकेट बँकेचं वेगळं आणि महामंडळाचं वेगळं घ्या. टॅक्सी किंवा रिक्षा घेतली असेल तर फॉर्म 35 वर त्यांची सही घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवा, आणि जामीनदाराचे कागद त्याच दिवशी मागून घ्या.